कांद्याची गोणी किलोत की न्यूटनमध्ये? भुईकाटा नेमके काय मोजतो?

मखमलाबाद नाका (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न वरवर साधा आहे, पण आमच्या घरात त्यावरून तीन दिवस वाद चालला आहे, म्हणून येथे मांडते.

माझी मुलगी दहावीत आहे आणि विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. सरावासाठी दिलेल्या प्रश्नांत ‘५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या गोणीचे वजन काढा’ असा एक प्रश्न होता. तिने ५० ला ९.८ ने गुणून ४९० न्यूटन असे उत्तर लिहिले आणि ते बरोबर आले. नेमके त्याच दिवशी माझे सासरे गावाहून आले होते. ते निफाड तालुक्यातले असून जन्मभर कांदा पिकवत आले आहेत. नातीची वही पाहून ते म्हणाले, ‘माझी गोणी पन्नास किलोची आणि तिचे वजनही पन्नास किलो. हे चारशे नव्वद कुठून आले, आणि त्या भावाने कांदा घेणार कोण?’ मुलगी म्हणाली, ‘आजोबा, पन्नास किलो हे वजन नाही, वस्तुमान आहे.’ त्यावर त्यांनी खिशातून भुईकाट्याची पावती काढून तिच्यासमोर ठेवली. पावतीवर भरलेल्या ट्रॉलीचे वजन, रिकाम्या ट्रॉलीचे वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे होते, तिन्ही किलोत, आणि तिन्हींपुढे ‘वजन’ हाच शब्द छापलेला होता.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे या वादात मला कोणाचीच बाजू घेता आली नाही. माझी पहिली शंका अशी, की भुईकाटा वजन मोजतो की वस्तुमान? वजन मोजत असेल तर आकडा किलोत का येतो, आणि वस्तुमान मोजत असेल तर ते त्याला कळते कसे? दुसरी शंका मुलीचीच आहे. ‘गंगापूर धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले’ असे वर्तमानपत्रात येते, तर क्युसेक हे पाण्याचे माप आहे का, आणि असेल तर टीएमसी म्हणजे काय? तिला उत्तरे पाठ करायची नाहीत, समजून घ्यायची आहेत. कृपया थोडे विस्ताराने लिहावे.

निवृत्त फळा

ताई, आपले सासरे आणि आपली मुलगी या दोघांचेही बरोबर आहे, आणि वाद मिटत नाही तो त्यामुळेच. मी नाशिकरोडला बत्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. या एका मुद्द्यावर दरवर्षी निदान एक तास जात असे, आणि तो तास वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

कोणतीही भौतिक राशी सांगताना आपण दोन गोष्टी सांगतो, एक आकडा आणि एक एकक. आकड्याने किती ते कळते, एककाने काय ते कळते. ‘पन्नास’ एवढेच सांगितले तर ते अंतर आहे, तापमान आहे की उधारी आहे, हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. वस्तुमान म्हणजे त्या गोणीत असलेले द्रव्य. ते किलोग्रॅममध्ये मोजायचे आणि त्याला दिशा नसते, म्हणून ती अदिश राशी. वजन म्हणजे पृथ्वी त्या द्रव्याला ज्या बलाने स्वतःकडे खेचते ते बल. ते न्यूटनमध्ये मोजायचे आणि त्याची दिशा पृथ्वीच्या केंद्राकडे असते, म्हणून ती सदिश राशी. किलोग्रॅम हे सात मूलभूत एककांपैकी एक आहे. न्यूटन हे साधित एकक असून एक किलोग्रॅम वस्तुमानाला दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवून देणारे बल म्हणजे एक न्यूटन. हे ऐकायला जड वाटते, म्हणून मी वर्गात एक मध्यम आकाराचा कांदा नेत असे. सुमारे शंभर ग्रॅमचा कांदा तळहातावर ठेवला की हाताला जो भार जाणवतो तो साधारण एक न्यूटन. आपल्या सासऱ्यांना सांगावे, की नातीचे ४९० न्यूटन म्हणजे गोणीतल्या पाचशेच्या आसपास कांद्यांचा एकत्र भार आहे.

आता मुख्य प्रश्न. जुनी दोन पारड्यांची तागडी आणि आजचा इलेक्ट्रॉनिक काटा यांचे काम मुळातच वेगळे आहे. तागडीच्या एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात मापे असतात. पृथ्वी दोन्हींना ओढते, पण दोन्हींना सारख्याच प्रमाणात ओढते, त्यामुळे दांडी समतोल झाली की दोन्हीकडचे वस्तुमान समान आहे असे निश्चित होते. तीच तागडी आणि तीच मापे कळसूबाईच्या माथ्यावर नेली तरी निकाल बदलत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याला दुसरे पारडे नसते. त्याच्यावर किती जोराने दाब पडतो एवढेच त्याला कळते, म्हणजे त्याला बल कळते, वस्तुमान कळत नाही. तरीही तो आकडा किलोत दाखवतो, कारण तो बसवताना ‘एवढा दाब म्हणजे एवढे किलो’ हे त्याला शिकवलेले असते.

हे शिकवणे कोठे झाले याला महत्त्व आहे, कारण गुरुत्वत्वरण, म्हणजे मुलीने ज्या ९.८ ने (मीटर प्रति सेकंद वर्ग) गुणले ते मूल्य, सगळीकडे एकसारखे नसते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, म्हणून विषुववृत्ताकडे ते कमी भरते आणि उंचीबरोबरही कमी होते. नाशिक वीस अक्षांशांवर आणि समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या पुढे असल्याने येथे ते सूत्राने सुमारे ९.७८५ येते, तर पॅरिसला ते ९.८१ च्या जवळ आहे. पॅरिसमध्ये किलोत आकडा दाखवायला शिकवलेला काटा जसाच्या तसा नाशिकला आणून वापरला, तर वीस टन मालात तो पन्नासेक किलो कमी दाखवेल. माल कोणीही चोरलेला नसेल, फक्त पृथ्वीची ओढ कमी असेल.

आपल्या पावतीवरच्या ‘वजन’ या शब्दाबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो. हा गोंधळ केवळ आपल्या बाजारातला नाही. १९०१ साली वजन-मापांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेला असे स्पष्ट जाहीर करावे लागले, की किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि वजन ही बलाच्या जातीची राशी आहे. त्याच ठरावात गुरुत्वत्वरणाचे प्रमाणित मूल्य ९.८०६६५ ठरवले गेले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पट्टीचे शास्त्रज्ञही बोलताना घसरत होते. कायदा आणि बाजार ‘वजन’ हा शब्द वस्तुमानाच्या अर्थाने वापरतात आणि त्यात कोणाची फसवणूक होत नाही. परीक्षेत मात्र तो शब्द बलासाठी राखून ठेवलेला आहे, हे मुलीने लक्षात ठेवावे.

खरे तर आपल्या भाषेत हा विवेक आधीपासून आहे. आपण पैसे मोजतो, धान्य मापतो आणि सोने तोलतो. पायली, अधोली ही आकारमानाची मापे होती, म्हणून एक पायली गहू आणि एक पायली लाह्या यांचा भार वेगळा असतो हे कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नसे. शेर मात्र मापायचाही होता आणि तोलायचाही. तोलायचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि चाळीस शेरांचा मण सव्वासदतीस किलोपेक्षा थोडा जास्त. एकाच नावाखाली दोन राशी होत्या, आणि कोणती अभिप्रेत आहे हे समोरचा माल पाहून कळत असे. आपल्या सासऱ्यांच्या लहानपणी, १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने किलो आला, तेव्हा या दोन्ही शेरांची सुटी झाली.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मुलीला चंद्राचे उदाहरण देत बसू नका. स्प्रिंगचा काटा घेऊन इमारतीच्या लिफ्टमध्ये जा.

काटेवाला सातपूर

सरांनी तत्त्व सांगितले, मी हाताने केलेले काम सांगतो. इलेक्ट्रॉनिक काटे आणि भुईकाटे दुरुस्त करण्याचा माझा परवाना आहे आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच काट्यांच्या खाली मी आडवा झालेलो आहे.

भुईकाट्याचा पत्रा आपल्याला दिसतो, पण खरे काम त्याच्या खालच्या लोडसेलचे असते. लोडसेल म्हणजे पोलादाचा एक भक्कम तुकडा. ट्रॉली वर चढली की तो केसाच्या जाडीपेक्षाही कमी दबतो किंवा वाकतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक जाळीसारख्या तारेची लांबी त्यामुळे किंचित बदलते, लांबी बदलली की तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून काही मिलिव्होल्टचा संकेत बाहेर पडतो. म्हणजे साखळी अशी आहे: बल, मग लांबी, मग रोध, मग विभवांतर, आणि शेवटी पडद्यावर किलोचा आकडा. चार राशी पार करून पाचवी दाखवली जाते. यातली एकही कडी वस्तुमान ओळखत नाही, हे सरांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

वस्तुमान येते ते आमच्या मापांतून. काटा जागेवर बसवल्यावर प्रमाणित मापे गाडीत घालून आणतात, ती पत्र्यावर मांडतात आणि यंत्राला सांगतात, की हा जो संकेत येतो आहे तो इतक्या किलोंचा समज. ती मापे आणि नंतर येणारा कांदा या दोघांना त्याच जागी, तीच पृथ्वी, त्याच जोराने ओढते. म्हणून गुरुत्वत्वरण कितीही असो, ते दोन्हीकडून कटते. तागडीत दोन पारडी एकाच वेळी असतात, आमच्याकडे दुसरे पारडे वर्षातून एकदा येते, इतकाच फरक आहे असे मी समजतो. पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते आणि वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का व सील त्यावर असते. ताईंच्या सासऱ्यांनी पुढच्या वेळी काट्याच्या खोलीत लावलेले पडताळणीचे प्रमाणपत्र अवश्य वाचावे. ते पाहण्याचा त्यांना हक्क आहे.

मापे आम्ही फक्त मधोमध ठेवत नाही, चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहतो. एका कोपऱ्याचा लोडसेल बिघडला किंवा पत्र्याखाली माती, खडी अडकली, तर ट्रॉली पुढे उभी केल्यावर एक आकडा येतो आणि मागे उभी केल्यावर दुसरा. पावसाळ्यात हा प्रकार जास्त होतो. काटा दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवत असेल तर त्यावर तीन किलोंचा वाद घालण्यात अर्थ नाही. त्याचे लघुतम मापच दहा किलो आहे, आणि सहा किलो व नऊ किलो यांतला भेद त्याला मुळात दिसत नाही.

सराफ बाजारातला काटा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तो मिलिग्रॅम दाखवतो, म्हणून जागा बदलल्याचे त्याला लगेच कळते. मुंबईत पडताळलेला काटा घाट चढून नाशिकला आला, तर नुसत्या हिशोबाने शंभर ग्रॅमला दहा मिलिग्रॅमच्या आसपास फरक पडायला हवा. तसा तो दिसतोही. म्हणून असा काटा हलवला की गिऱ्हाइकासमोर मांडण्याआधी नव्याने जुळवून घ्यावा लागतो. ‘काटा खराब झाला’ म्हणून येणाऱ्या काही तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

मखमलाबाद नाका

दोघांचेही मनापासून आभार. ‘दुसरे पारडे वर्षातून एकदा येते’ हे वाक्य मी सासऱ्यांना वाचून दाखवले आणि त्यांनी ते दोनदा वाचायला लावले. त्यांचा एक प्रश्न आहे. चाळीत साठवलेला कांदा चार महिन्यांनी घटतो, ती घट वजनाची की वस्तुमानाची? मुलगी म्हणते दोन्हींची. क्युसेकचा प्रश्न अजून राहिला आहे, त्याचीही आठवण करून देते.

निवृत्त फळा

मुलीचे उत्तर पूर्ण बरोबर आहे. कांद्यातले पाणी वाफ होऊन उडते आणि त्याचा श्वसनव्यापार चालू असल्याने कर्बोदकेही थोडी जळतात. द्रव्यच कमी झाले, म्हणून वस्तुमान घटले, आणि त्यामागोमाग वजन घटले. पॅरिसच्या काट्याच्या उदाहरणात वजन बदलले होते पण वस्तुमान तेच होते. हा भेद ज्याला सांगता आला त्याला धडा समजला.

पाटचारी

क्युसेकचे मी लिहितो, कारण सिंचन खात्यात नोकरी करताना रोज सकाळी हाच आकडा कळवण्यात माझी निम्मी हयात गेली.

क्युसेक हे पाण्याच्या साठ्याचे माप नाही. ते विसर्गाचे एकक आहे. एका सेकंदात एक घनफूट पाणी एखाद्या ठिकाणाहून पुढे गेले तर तेथला विसर्ग एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. टीएमसी हे मात्र आकारमानाचे एकक आहे. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, अर्थात शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. या दोघांमध्ये वेळ आहे. नळाच्या धारेला क्युसेक म्हणा आणि भरलेल्या बादलीला टीएमसी. ‘तीन हजार क्युसेक पाणी सोडले’ ही बातमी ‘गाडी साठ किलोमीटर प्रति तास गेली’ इतकीच अपुरी आहे, कारण किती वेळ ते कोठेच सांगितलेले नाही. तीन हजार क्युसेकने आठ तास पाणी सोडले तर ८६ दशलक्ष घनफुटांपेक्षा थोडे जास्त पाणी जाते, म्हणजे एका टीएमसीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एक टीएमसी एका दिवसात पुढे पाठवायचे असेल तर चोवीस तास सलग ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. हा आकडा मुलीने स्वतः काढून पाहावा. शंभर कोटीला ८६,४०० ने भागले की तो येतो. काही ठिकाणी ‘क्युसेक प्रति सेकंद’ असेही छापून येते. तेथे सेकंदाने दोनदा भागले गेले आहे, आणि ती राशी विसर्ग न राहता विसर्ग वाढण्याचा दर होते, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आता नाशिककरांचे स्वतःचे माप पाहू. गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ उभी मूर्ती असलेला दुतोंड्या मारुती आमच्या खात्याच्या मोजपट्टीपेक्षा जुन्या नाशिकच्या माणसाला जास्त विश्वासाचा वाटतो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, असे लोक सांगतात आणि त्यावर दुकानातला माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात. हे माप कशाचे? ते पातळीचे, म्हणजे लांबीचे. मारुतीच्या अंगावर खुणा आहेत पण एकक नाही, त्यामुळे ‘कमरेपर्यंत’ हा क्रम आहे, आकडा नाही. सावध होण्यासाठी क्रम पुरतो, हिशोबासाठी तो पुरत नाही.

लोकांची सर्वांत मोठी चूक येथे होते. पाणी गुडघ्यावरून कमरेला आले म्हणजे नदीतून दुप्पट पाणी वाहते आहे असे त्यांना वाटते. विसर्ग म्हणजे पात्राच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग, म्हणजे चौरस मीटर गुणिले मीटर प्रति सेकंद, म्हणून घनमीटर प्रति सेकंद. खोली वाढली की क्षेत्रफळ वाढतेच, शिवाय तळाचा अडसर तुलनेने कमी झाल्याने वेगही वाढतो. पात्र रुंद आणि उतार तोच असेल तर खोली दुप्पट झाल्यावर विसर्ग सुमारे तिप्पट होतो. पुलांमुळे, घाटांमुळे हे प्रत्यक्षात आणखी वाकडे होते, म्हणून प्रत्येक मोजणीस्थानासाठी पातळी आणि विसर्ग यांचा वेगळा आलेख काढून ठेवावा लागतो.

जाता जाता एक गंमत. पाऊस आपण मिलिमीटरमध्ये सांगतो, म्हणजे आकाशातून पडलेल्या पाण्याचे माप लांबीच्या एककात देतो. ते चूक नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर तेथे एक कोटी घनमीटर पाणी पडले, म्हणजे एका टीएमसीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा किंचित जास्त. त्यातले धरणात किती येते तो वेगळा विषय आहे.

दिंडोरी रोड

चर्चा वाचून माझी एक चूक लक्षात आली, ती येथे कबूल करतो. विजेच्या बिलाबद्दल बोलताना मी इतकी वर्षे ‘किलोवॅट प्रति तास’ म्हणत होतो. किलोमीटर प्रति तास तोंडात बसल्यामुळे तसे झाले असावे. बिलावरचे एक युनिट म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजे किलोवॅटला तासाने गुणायचे, भागायचे नाही. वॅटमध्येच ‘दर सेकंदाला’ आधीच दडलेले आहे, त्याला वेळेने गुणले की सेकंद कटतो आणि ऊर्जा उरते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीला ३.७ किलोवॅट म्हणतात ती तिची शक्ती, आणि तासाभरात ती चार-साडेचार युनिटे खाते ती ऊर्जा.

पण याच ओघात एक शंका आली. कार्याचे एकक न्यूटन-मीटर, त्यालाच ज्यूल म्हणतात. अंबडच्या कारखान्यात आम्ही नटबोल्ट आवळतो तेव्हा टॉर्क पान्यावरही न्यूटन-मीटर लिहिलेले असते, पण तेथे ज्यूल म्हटले तर फोरमन हसतात. एकक तेच असेल तर राशी वेगळी कशी?

निवृत्त फळा

फोरमन योग्य जागी हसतात. एकक पाहून राशी बहुतेक वेळा ओळखता येते, नेहमी येत नाही. कार्यात मीटर हे बलाच्या दिशेने सरकलेले अंतर असते. पान्याच्या बाबतीत मीटर ही पान्याच्या दांड्याची लांबी असते आणि बल तिला काटकोनात लावलेले असते. एक मीटर लांब पान्याला शंभर न्यूटन बल लावून धरले आणि नट जागचा हललाच नाही, तर आघूर्ण, म्हणजेच टॉर्क, शंभर न्यूटन-मीटर आहे पण कार्य शून्य आहे. तोच नट त्याच बलाने पूर्ण एक फेरा फिरला तर आपला हात वर्तुळाच्या परिघावरून सुमारे ६.२८ मीटर सरकला, म्हणून कार्य ६२८ ज्यूल झाले. आघूर्णाला कोनाने गुणले की कार्य मिळते, आणि कोनाला स्वतःची मिती नसल्यामुळे तो एककात दिसत नाही. म्हणून रूढी अशी, की ज्यूल हे नाव ऊर्जेसाठी राखायचे आणि आघूर्णाला न्यूटन-मीटरच म्हणायचे.

काटेवाल्यांच्या ‘दुसऱ्या पारड्या’वरून आणखी एक आठवले. २० मे २०१९ पर्यंत जगातल्या सर्व किलोंचे दुसरे पारडे एकच होते. पॅरिसजवळच्या सेव्र येथे जपलेला प्लॅटिनम व इरिडियमच्या मिश्रधातूचा तो एक लहान दंडगोल, आणि त्याची ५७ क्रमांकाची प्रत आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. त्या दिवसापासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकाचे (निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या राशीचे) मूल्य निश्चित करून केली जाते आणि ती प्रत्यक्षात उतरवण्याच्या दोन मुख्य मार्गांपैकी एक आहे किबल तुला. या तुलेत वस्तूचे वजन विद्युतचुंबकीय बलाने तोलून धरतात. पण तेथेही वजनावरून वस्तुमान काढायचे असल्याने, तुला ज्या खोलीत आहे त्या खोलीतले गुरुत्वत्वरण अतिशय काटेकोरपणे आधी मोजावे लागते. सातपूरच्या काट्याची अडचण जगातल्या सर्वांत अचूक तुलेलाही चुकलेली नाही.

मखमलाबाद नाका

काल संध्याकाळी लिफ्टचा प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त देते. आमची इमारत सात मजल्यांची आहे. शेजाऱ्यांकडून भंगारवाला वापरतो तसा स्प्रिंगचा काटा आणला आणि त्याला दोन किलो कांद्याची पिशवी अडकवली. लिफ्ट वर निघताना क्षणभर काटा २.१ च्या जवळ गेला, मधले मजले ओलांडताना दोनवर स्थिर राहिला आणि सातव्या मजल्यावर थांबताना १.९ च्या आसपास उतरला. खाली येताना हेच उलट्या क्रमाने झाले. मुलीने त्यावरून लिफ्टचे त्वरण सुमारे अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग इतके काढले. ते बरोबर असावे असे मला तिच्या चेहऱ्यावरून वाटले.

सासऱ्यांनी मग गावाकडची तागडी काढायला लावली. ती अजून आमच्या माळ्यावर होती. एका पारड्यात दोन किलोचे माप आणि दुसऱ्यात तेवढाच कांदा घेऊन ते स्वतः लिफ्टमध्ये उभे राहिले. दोन फेऱ्या झाल्या, दांडी हलली ती फक्त त्यांच्या हाताच्या कंपाने. खाली उतरल्यावर ते एवढेच म्हणाले, की माळ्यावरची तागडी भंगारात द्यायची नाही.

एक अडचण झाली. मुलीने स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही लिफ्टमध्ये जमिनीवर ठेवून पाहिला, पण त्याचा आकडा वर निघताना जवळजवळ बदललाच नाही, आणि नंतर थोडा वेळ काहीतरी भलतेच दाखवत राहिला. काटा बिघडला का?

काटेवाला सातपूर

ताई, काटा चांगला आहे. असे काटे एका क्षणाचा आकडा दाखवत नाहीत. भाजी ठेवताना धक्का बसतो आणि हात लागतो, म्हणून ते थोड्या वेळातल्या अनेक नोंदींची सरासरी काढून, आकडा स्थिर झाला असे वाटल्यावरच तो पडद्यावर धरतात. लिफ्टचे त्वरण एक-दोन सेकंदांचे असते, तेवढ्यात त्याची सरासरी पुरी होत नाही. नंतरचा भलता आकडा म्हणजे त्याने हलत्या लिफ्टमध्ये शून्य धरले असावे. सपाट ओट्यावर रिकामा ठेवून बंद करून पुन्हा सुरू करावा, मग एक लिटर पाणी एखाद्या मोजपात्राने मोजून ओतून पाहावे. पात्राचे वजन वगळून आकडा ९९५ ते १००५ ग्रॅममध्ये आला तर घरच्या कामाला तो बिनदिक्कत वापरा. लिफ्टमधल्या प्रयोगाला मात्र स्प्रिंगचाच काटा ठेवा.